पडद्याच्या अलीकडे

दिल्लीहून परतताना विमानात आजीला संडासला जायचं होतं. मागची वाट जेवणाच्या गाडीने अडवलेली. पुढचा संडास दहा पावलांवर, पण पडद्यापलीकडे, बिझनेस क्लासचा. हवाईसुंदरीने हसतच आम्हाला मागे वळवलं. मी गप्प राहिलो.

राजारामपुरीत घरी आल्यावर वाचत बसलो, तर हा पडदा बराच जुना निघाला. 1853 मध्ये बोरीबंदर–ठाणे गाडी धावली, तेव्हा डब्यात संडासच नव्हता. 1891 मध्ये आपली मिरज–कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. त्याच सुमारास देशात डब्यांत संडास आले, तेही फक्त पहिल्या वर्गात. बाकीच्यांनी स्टेशन येईपर्यंत कळ काढायची आणि शिट्टी व्हायच्या आत परतायचं. 1909 मध्ये ओखिलचंद्र सेन लोटा-धोतर सावरत गाडीमागे धावताना पडले. त्यांचं संतापलेलं तक्रारपत्र प्रसिद्ध आहे.

तिसऱ्या वर्गात संडास आले, तरी प्रश्न सुटला नाही. 1917 मध्ये गांधीजींनी मुंबई–मद्रास प्रवासाबद्दल लिहिलं: संडास एकदाही धुतला नाही, टाकीत पाणी नव्हतं. पहिल्या वर्गाचं भाडं पाचपटीहून जास्त. मग आम्हाला निदान एक पंचमांश सोयी तरी मिळतात का, असा त्यांचा हिशेब होता.

1974 मध्ये तिसरा वर्ग कागदावरून गेला. जादा पैशांत ऐसपैस सीट मिळावी, चांगलं जेवण मिळावं, मान्य. पण अडलेल्या म्हातारीला तिकीट विचारायचं?

त्या दिवशी कोल्हापूर येईपर्यंत आजीने पाण्याचा घोट घेतला नाही. पुढच्या वेळी मी तोंड उघडेन.