जुनी जीप आणि मिस्त्रीची विद्या

वाहनाचा इतिहास बहुधा कारखान्याच्या दाराशी संपवला जातो. आमच्या मते तो तेथून सुरू होतो. १९४७ साली महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी आरंभली. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली आणि पुढे गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या जंगलवाटांवर रुळली. दोघींची घडण साधी: भक्कम चौकट, पुढेमागे पाट्यांच्या स्प्रिंगा, चारही चाकांना जोर पोचवणारी वेगळी गियरपेटी. बहुतेक भाग पान्याने सुटतो, म्हणूनच बदलताही येतो.

मात्र त्यासाठी जाणता हात हवा. चिखलपाण्यातून आलेल्या गाडीला ग्रीस द्यावे, पेटीतील तेलात पाणी शिरले का पाहावे, कोरड्या डांबरीवर चारचाकी जोर लावू नये, हे मिस्त्री शागिर्दाला तोंडीच शिकवतो. पोथ्या टिकल्या त्या कागदाच्या बळावर थोड्या, नकलकारांच्या चिकाटीवर अधिक. जुन्या जीपचेही तसेच. जिप्सीची सर्वसामान्य ग्राहकांसाठीची विक्री २०१९च्या सुमारास थांबली. सुटे भाग दुर्मिळ होण्याआधी ही मौखिक विद्या लिहून ठेवणे, हे आम्हांस वाङ्मयाच्या अभ्यासकांचेही काम वाटते.