व्हायरस : संकल्पनेचा इतिहास

केवळ जिवंत कोशिकेतच (पेशीतच) ज्यांची संख्या वाढू शकते अशा, मुख्यतः न्यूक्लिइक अम्ल व प्रथिन यांच्या बनलेल्या अतिसूक्ष्म संसर्गकारी कणांना व्हायरस म्हणतात. ही व्याख्या हाती येण्यास सु. साठ वर्षे लागली. तोवर व्हायरस म्हणजे काय यापेक्षा तो काय नाही, हेच अधिक निश्चितपणे सांगता येत होते.

तंबाखूच्या पानांवर फिकट व गडद हिरवे चट्टे पाडणारा केवडा रोग रोगट पानांच्या रसामुळे निरोगी झाडास होतो, हे आडोल्फ मायर यांनी नेदर्लंड्समध्ये १८८६ साली दाखविले. सूक्ष्मजंतूंना (बॅक्टेरियांना) अडविणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून हा रस गाळला, तरी तो संसर्गकारीच राहतो, असे द्मीत्री इव्हानोव्हस्की यांना रशियात १८९२ मध्ये आढळले. मात्र रोगाचे मूळ सूक्ष्मजंतूच असावेत, ही समजूत त्यांनी सोडली नाही. डेल्फ्ट येथे मार्टिनस बायेरिंक यांनी १८९८ मध्ये वेगळा अर्थ लावला. गाळलेल्या रसाने एक झाड, त्याच्या रसाने दुसरे, असा क्रम चालविला, तरी परिणाम ओसरत नाही. म्हणून ते विष नसून वाढणारे काहीतरी आहे आणि ही वाढ विभाजन चालू असलेल्या कोशिकांतच होते, असे त्यांनी प्रतिपादिले. त्यास त्यांनी ‘सजीव संसर्गकारी द्रव’ म्हटले. द्रवाची कल्पना पुढे चुकीची ठरली. परंतु कोशिकेवरील अवलंबन त्यांनी अचूक हेरले होते आणि त्यांच्या कार्याचे खरे महत्त्व त्यात आहे. त्याच वर्षी फ्रीड्रिख लफ्लर व पाउल फ्रॉश यांनी गुरांच्या लाळ-खुरकूत रोगाचे कारकही गाळणीतून पार होते, असे दाखविले. ते त्यास कणरूप मानीत.

वेंडेल स्टॅन्ली यांनी १९३५ मध्ये तंबाखूचा व्हायरस स्फटिकरूपात मिळविला. त्यांनी तो निव्वळ प्रथिन समजला. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक बॉडेन व नॉर्मन पिरी यांनी त्यात अल्प प्रमाणात रिबोन्यूक्लिइक अम्ल असल्याचे सिद्ध केले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून १९३९ मध्ये त्याचे दंडाकार कण (लांबी सु. ३०० नॅनोमीटर) प्रत्यक्ष दिसले. रसायनाप्रमाणे बाटलीत साठविता येणारा पदार्थ पानात जाताच वाढू लागतो, हे कोडे मात्र उरलेच.

त्याचा उलगडा सूक्ष्मजंतूंवर वाढणाऱ्या व्हायरसांमुळे झाला. ॲल्फ्रेड हर्शी व मार्था चेस यांनी १९५२ मध्ये एका व्हायरसाच्या डीएनएमध्ये किरणोत्सर्गी फॉस्फरस, तर प्रथिनात किरणोत्सर्गी गंधक घातले. संसर्गानंतर मिश्रण घुसळले असता बहुतेक गंधक कोशिकेबाहेरच्या कवचांबरोबर निघून आले. फॉस्फरस मुख्यतः आत राहिला. म्हणजे या व्हायरसाचा कण अखंड आत शिरत नाही. त्याचे न्यूक्लिइक अम्ल आत जाते आणि कोशिकेच्या यंत्रणेकडून नवे कण घडवून घेते. व्हायरसाला स्वतःची चयापचययंत्रणा व कोशिकाभित्ती नसल्यामुळे पेनिसिलिनासारखी प्रतिजैव औषधे त्यावर निरुपयोगी ठरतात. तंबाखूच्या व्हायरसाबाबतही आल्फ्रेड गीरर व गेऱ्हार्ट श्राम यांनी १९५६ मध्ये प्रथिन वेगळे काढून उरलेले रिबोन्यूक्लिइक अम्ल पानांवर चोळले. संसर्ग क्षीण, पण निश्चित झाला आणि त्या पानांत प्रथिनावरणासह पूर्ण कण तयार झाले.