नांदेड-लातूरची एक निराळी यात्रा

नांदेडला पाहुणा आला की त्याला काय दाखवावे, हा प्रश्न नांदेडकराला सहसा पडत नाही. सचखंड गुरुद्वारा, गोदावरीचे घाट आणि वेळ उरलाच तर कंधारचा किल्ला. लातूरकर आपल्या पाहुण्याला गंजगोलाईत नेतो. परंतु याच गावांतून आणखी एक वाट जाते. माणसाला माणूस म्हणून जगता यावे यासाठी जे झगडे या मातीत झाले, त्यांची ती वाट. तिच्यावर कळस नाहीत, की दीपमाळा नाहीत. म्हणून वाटाड्यावाचून ती सापडावयाची नाही. मोठ्या शहरांतून अशा लढ्यांच्या जागा दाखवीत लोकांना पायी हिंडविण्याची प्रथा आता रुजते आहे. आपल्याकडे तशी फेरी काढावयाची झाल्यास ती कोठून कोठे न्यावी?

प्रारंभ सचखंडापासूनच करावा. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली येथे देह ठेवला. भाविक दर्शन घेऊन परततो. वाटाड्याने त्याला लंगरच्या पंगतीत घटकाभर बसवावे. राव असो वा रंक, ब्राह्मण असो वा अस्पृश्य, पंगत एक आणि बैठक जमिनीवर. ज्या मुलखात गावोगाव पाणवठे वेगळे होते, त्या मुलखात ही पंगत शतकानुशतके उठत-बसत आली आहे. पुढच्या साऱ्या कथेला हे माप हाताशी असलेले बरे.

तेथून निजामी राजवटीकडे वळावे. हैदराबाद संस्थानात १९२९ साली 'गश्ती निशाण ५३' हे फर्मान निघाले आणि परवानगीवाचून सभा भरविणे हा गुन्हा झाला. मग लोकांनी ग्रंथालये काढली, शाळा चालविल्या, गणेशोत्सव भरविले. राजकारणाला बंदी असलेल्या मुलखात तीच राजकारणाची पहिली पाठशाळा ठरली. १९३८ साली लातुरास महाराष्ट्र परिषदेचे दुसरे अधिवेशन झाले. त्याच वर्षी स्वामी रामानंद तीर्थांनी सत्याग्रह केला. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठातील मुलांना 'वंदे मातरम्' म्हटल्यापायी शिक्षण सोडून नागपूरची वाट धरावी लागली, आणि त्याच वर्षी उदगीरचे भाई श्यामलाल बिदरच्या तुरुंगात मरण पावले.

नांदेडहून बिलोलीकडे गेले की अर्जापूर लागते. १९४६ साली गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली ती येथे. रेल्वेने निजामाबादच्या बाजूस निघाले तर उमरी लागते. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी लढ्याच्या खर्चासाठी येथील हैदराबाद स्टेट बँकेवर छापा घातला. त्याच सायंकाळी दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजामी राज्य कोसळले.

पुष्कळ वाटाडे येथेच थांबतील, श्रोतेही टाळ्या वाजवतील. पण खऱ्या यात्रेला येथे थांबता येत नाही. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातुरात वकिली करीत असे. त्याच्या माणसांनी केलेल्या अत्याचारांचा सूड, तो पडल्यावर, ज्यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता अशा मुसलमान कुटुंबांवर उगविला गेला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानभर फिरून चौकशी केली. मृतांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान असावी, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, आणि लातूर तेव्हा उस्मानाबादेतच मोडत असे. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. मुक्तीचा आनंद खरा, आणि हे दुःखही खरे. एक सांगण्यासाठी दुसरे झाकण्याचे कारण नाही.

पुन्हा नांदेडात यावे ते पीपल्स कॉलेजवर. स्वामीजींच्या पुढाकाराने १९५० साली हे महाविद्यालय उभे राहिले. नरहर कुरुंदकर येथेच प्राचार्य होते. आपल्याच माणसांना न आवडणारे खरे बोलावे कसे, याचा धडा त्यांच्या लेखणीने मराठवाड्याला दिला.

त्या धड्याची गरज १९७८ साली भासली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव २७ जुलै रोजी विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे पेटू लागली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. रझाकारांशी झुंजल्याचा अभिमान मिरविणाऱ्या गावांतूनच ह्या आगी लागल्या, ही गोष्ट जड जिभेने का होईना, बोललीच पाहिजे. नामांतराचा झगडा सोळा वर्षे चालला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेडात स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे नवे विद्यापीठ निघाले आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव लाभले. एका नावासाठी घरे जळली, माणसे गेली. दुसऱ्यासाठी तसे काही घडले नाही. हा फरक का पडला, हे यात्रेकरूने विष्णुपुरीच्या त्या आवारात उभे राहून स्वतःलाच विचारावे.

आज १७ सप्टेंबरला एक समाज ध्वजवंदनाला जमतो, १४ जानेवारीला दुसरा निळे झेंडे घेऊन निघतो, आणि १९४८ साली ज्यांची माणसे गेली ते आपल्या घरात गप्प असतात. तिघांचा वाटाडा एकच असावा, एवढेच मागणे आहे. तो पगारी नसला तरी चालेल. घरातले आजोबा हे काम करू शकतील, शाळेतल्या बाई करू शकतील. यंदाच्या सुटीत मुलांना सचखंड अवश्य दाखवा. पण गाडी तशीच पुढे टेंभुर्णीला, अर्जापूरला न्या. 'इथे काय झालं होतं?' असे ती विचारतील. तेव्हा उत्तर अर्धे देऊ नये.