मुकुटातला नवा मणी

वळसंगच्या शिवारात, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यापासून थोडे आत, एप्रिल २०२४ मधील एका अंधाऱ्या रात्री आम्ही चार-पाच मंडळी सतरंजी टाकून बसलो होतो. ज्वारी केव्हाच निघाली होती, रानात धसकटे उरली होती. स्वाती वर चढली, तिच्या पूर्वेस उत्तर मुकुटाची अर्धवर्तुळाकार माळ उमटली. त्या मुकुटाच्या कडेला एक तारा ऐंशी वर्षांनी उजळणार, अशी वार्ता जगभर पसरली होती. शेतमालक आजोबांनी सरळच विचारले, "आन् न्हाई उगवला तर?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर थोडा इतिहास सांगावा लागतो.

टी कोरोना बोरिआलिस हे या ताऱ्याचे शास्त्रीय नाव. एरवी तो दहाव्या प्रतीचा असतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांना मुळीच दिसत नाही. वस्तुतः ते दोन तारे आहेत. एक फुगलेला तांबडा राक्षसी तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा श्वेत बटू. एका प्रदक्षिणेस सुमारे २२७ दिवस लागतात. राक्षसी ताऱ्याचा वायू बटूवर साठत राहतो, आणि साठा पुरेसा झाला की तेथे अण्वस्त्रासारखा भडका उडतो. मग काही तासांत तो दुसऱ्या प्रतीपर्यंत चढतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा दिसेनासा होतो. अशा ताऱ्यांना पुनरावर्ती नवतारे म्हणतात.

१२ मे १८६६ च्या रात्री आयर्लंडमधील टुअमजवळ जॉन बर्मिंगहॅम हा कॅथलिक जमीनदार मित्राकडून घरी परतत असता त्याला मुकुटात एक आगंतुक तारा दिसला. तो वेधशाळेतला नोकर नव्हता, हौसेने आकाश पाहणारा होता. त्याने विल्यम हगिन्स यांना कळविले, आणि हगिन्स यांनी वर्णपटदर्शकातून पाहिले तेव्हा हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा आढळल्या. नवताऱ्याचा वर्णपट असा प्रथमच तपासला गेला.

पुढचा भडका फेब्रुवारी १९४६ चा. तो टिपणाऱ्यांत सोव्हिएत देशातील रेल्वेमार्गावरचा एक पहारेकरी, कामेनचुक, होता. रात्रपाळीच्या माणसाला आकाश पाठ असते, हे आम्हांस मुळीच आश्चर्याचे वाटत नाही. उलट अमेरिकेतील लेस्ली पेल्टियर या शेतकरी-पुत्राची कथा चटका लावते. लहानपणी स्ट्रॉबेऱ्या वेचून त्याने अठरा डॉलर जमविले आणि पहिली दुर्बीण घेतली. या ताऱ्यावर त्याने पंचवीस वर्षे नजर ठेवली होती. त्या पहाटे तो उठला, सर्दी होणारसे वाटले, म्हणून परत निजला. तारा नेमका त्याच रात्री उजळला.

पेल्टियर आपली निरीक्षणे १९११ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतील रूपविकारी तारानिरीक्षकांच्या संघटनेकडे धाडीत असे. अशा निरीक्षकाला तुलनेसाठी भोवतालच्या ताऱ्यांचे नकाशे लागतात. ते काम मोठ्या चिकाटीने करणाऱ्यांत फादर योहान गेओर्ग हागेन हे येशूसंघीय होते. जॉर्जटाऊन येथे त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या नकाशासंग्रहाचे काम चालविले. पुढे १९०६ ते १९३० व्हॅटिकन वेधशाळेची धुरा त्यांच्याकडे होती.

आणि आपल्या देशातले? जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी मोजणारे राधागोविंद चंद्र हे नाव मराठी वाचकांस फारसे परिचित नाही. शालान्त परीक्षेत ते पुनःपुन्हा नापास झाले होते. १९१२ साली तीन इंची दुर्बीण घेतली, आणि जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहातील नवतारा स्वतंत्रपणे पाहिला. अमेरिकन संघटनेने १९२६ साली त्यांना सहा इंची दुर्बीण पाठविली. तीसहून अधिक वर्षांत त्यांनी नोंदविलेली निरीक्षणे सदतीस हजारांहून अधिक भरतात. फाळणीनंतर ते पश्चिम बंगालमध्ये आले. ती दुर्बीण पुढे वेणू बाप्पूंकडे गेली. बाप्पूंचे वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत होते आणि मुलगा विद्यार्थिदशेतच रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेऊ लागला होता. वळसंगापासून हैदराबाद तसे दूर नाही.

महाराष्ट्रात हौशी निरीक्षकांची जुनी संस्था म्हणजे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था, स्थापना १९४४ ची. भुजंगधारीतील आर. एस. ऑफिउकी हा असाच पुनरावर्ती नवतारा २००६ साली प्रथम जपानी हौशी निरीक्षकांना दिसला, आणि नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने त्याचा कमी कंप्रतेचा रेडिओ संदेश टिपला. डोळ्याने पाहणारा आणि ताटल्यांचा तो ताफा, दोघांची गाठ अशी पडते.

टी कोरोनाचा तारा २०२३ साली किंचित मंदावला. १९४६ च्या भडक्यापूर्वीही तसेच झाले होते, त्यावरून २०२४ चा अंदाज बांधला गेला. फेब्रुवारी ते सप्टेंबर ही मुदत उलटली, तारा उजळला नाही.

आजोबांना आम्ही सांगितले की न उगवण्याचीही नोंद करतात. तारा अमक्यापेक्षा मंद, एवढे लिहिले तरी निरीक्षण ठरते, आणि भडका उडालाच तर तो कोणत्या रात्रीपर्यंत उडाला नव्हता हे त्यावरूनच कळते. त्यांना ते पटले असावे, कारण कंदील त्यांनीच पुढे धरला. वहीत तारीख, वेळ आणि शेजारच्या ताऱ्याची प्रत लिहून आम्ही पुढे लिहिले : दिसला नाही.