जुनी तीच उत्तम का?

काही वर्षांपूर्वी एका घरी लग्नानिमित्त आशीर्वाद देण्यास गेलो होतो. आखातात नोकरी करणाऱ्या मुलाने आणलेल्या व्हिस्कीच्या दोन बाटल्या टेबलावर मांडल्या होत्या. एकीवर बारा हा आकडा होता, दुसरीवर अठरा. घरातील ज्येष्ठ गृहस्थांनी विचारले, "फादर, जुनी तीच उत्तम, नाही का?" मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनात राहिला, आणि त्याचा माग काढता काढता मी एका धर्मबंधूच्या दारी येऊन पोहोचलो.

स्कॉटलंडच्या राजकोषाच्या १४९४-९५ या वर्षाच्या हिशेबात एक छोटीशी नोंद आहे. राजा चौथा जेम्स याच्या आज्ञेवरून जॉन कॉर नावाच्या धर्मबंधूला 'अॅक्वा व्हिटे' तयार करण्यासाठी आठ 'बोल' माल्ट देण्यात आले. 'बोल' हे तेथील धान्याचे जुने माप. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. आणि 'अॅक्वा व्हिटे' या लॅटिन शब्दांचा अर्थ जीवनजल. याच अर्थाच्या गेलिक शब्दांवरून पुढे 'व्हिस्की' हे नाव पडले. परंपरेने कॉर यांचे नाते फाईफ प्रांतातील लिंडोर्सच्या मठाशी जोडले जाते. त्या काळी या द्रवाला औषधाचे स्थान होते. १५०५ साली एडिंबरो शहरात तो बनविण्याचा व विकण्याचा अधिकार न्हावी-शल्यवैद्यांच्या संघाला मिळाला, यावरून हे ध्यानात येईल. १५६० च्या धर्मसुधारणेत स्कॉटलंडमधील मठ ओस पडले. भट्टीची विद्या मात्र शेतकऱ्यांच्या घरी टिकून राहिली.

त्या जुन्या व्हिस्कीला 'वय' असे नव्हतेच. भट्टीतून उतरलेला अर्क पाण्यासारखा रंगहीन असतो. तो बहुधा ताजाच प्याला जाई, किंवा त्यात मध व वनस्पती मिसळल्या जात. ओकच्या पिंपात राहून तो सोनेरी व मृदू होतो, हे ज्ञान अनुभवातून आले. १८२३ च्या कायद्याने परवान्याची वाट सुलभ केली, आणि चोरट्या भट्ट्यांच्या जागी उघड कारखाने उभे राहिले. १८५३ मध्ये एडिंबरोच्या अँड्र्यू अशर यांनी निरनिराळ्या पिंपांतील माल्ट व्हिस्की मेळवून विकावयास आणली. पुढे माल्ट आणि इतर धान्यांची हलकी व्हिस्की यांच्या मिश्रणाने स्कॉच जगभर पोहोचली.

वयाची सक्ती मात्र रसिकांनी केली नाही, ती युद्धाने केली. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांचे मद्यपान लॉईड जॉर्ज यांना सतावत होते. त्यातून १९१५ चा कायदा आला, आणि व्हिस्की किमान दोन वर्षे पिंपात ठेवणे बंधनकारक झाले; १९१६ पासून ही मुदत तीन वर्षांची झाली. कच्चा, जहाल माल बाजारात येऊ नये हा त्यामागील विचार. आज मिरवला जाणारा आकडा आवर घालण्याच्या त्या खटपटीशी असा जोडलेला आहे.

आता तुलनेकडे वळू. जाणकार अरुंद तोंडाचा लहान पेला घेतात, त्यात थोडीशीच व्हिस्की ओततात, प्रथम वास घेतात, मग पाण्याचे काही थेंब टाकून पुन्हा वास घेतात, घोट त्यानंतरचा. सौम्य प्रकार आधी आणि धुरकट शेवटी, हा क्रम ते पाळतात, कारण धुराची चव जिभेवर रेंगाळते. आयर्लंडची व्हिस्की बहुधा तीनदा भट्टीतून जाते, म्हणून हलकी लागते. आयला बेटावर माल्ट वाळवताना पीट, म्हणजे दलदलीतील कुजकी वनस्पतिमाती, जाळतात. तिचा धूर पेल्यापर्यंत येतो. अमेरिकेच्या बर्बनला आतून जाळलेले नवे ओकचे पिंपच लागते. तीच वापरलेली पिंपे पुढे स्कॉटलंडला जातात. शेरीच्या पिंपातील व्हिस्कीला सुक्या मनुकांचा गंध येतो.

आणि वय? बाटलीवरचा आकडा हा तिच्यातील सर्वांत तरुण व्हिस्कीचा असतो, आणि तो केवळ पिंपातील वर्षे मोजतो. द्राक्षमद्य बाटलीतही बदलत राहते; व्हिस्की बाटलीत भरली की तिचे वय तेथेच थांबते. कपाटात दहा वर्षे जपलेली बारा वर्षांची व्हिस्की बावीस वर्षांची होत नाही.

शिवाय हवामानाचा हिशेब निराळा. पिंपातून दरवर्षी काही भाग हवेत उडून जातो. त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. थंड स्कॉटलंडमध्ये तो सुमारे दोन टक्के, तर आपल्याकडील उष्ण हवेत दहा टक्क्यांच्या आसपास जातो. लाकूडही येथे लवकर काम करते. म्हणून २००४ साली ग्लासगोत आलेली बंगळूरची 'अमृत' किंवा गोव्यात तयार होणारी 'पॉल जॉन' थोड्याच वर्षांत परिपक्व ठरली. तेथे अठरा वर्षे ठेवल्यास पिंपात फारसे काही उरणार नाही. स्कॉटलंडमध्येही अतिकाळ राहिलेल्या व्हिस्कीत लाकडाचा कडवटपणा उतरतो. तेव्हा जुनी म्हणजे महाग हे निश्चित. उत्तम असेलच असे नाही.

त्या ज्येष्ठ गृहस्थांना मी आज हे उत्तर देईन, आणि त्यात एक वाक्य आणखी जोडीन. मद्याने संसार बुडालेल्या घरांच्या पायऱ्याही मी चढलो आहे. तेथे बाटलीवरचा आकडा कोणी वाचत नाही, चवही कोणी विचारत नाही. पारखणाऱ्याला दोन घोट पुरतात, कारण त्याचे लक्ष पेल्यात काय आहे याकडे असते. ज्याला दोन घोट पुरत नाहीत, त्याने बारा आणि अठरा यांची तुलना करू नये. त्याच्या घरच्यांनीही ती बाटली भेट म्हणून आणू नये.