टाकी भरल्याचा अलर्ट घरीच बनवायचाय? सेन्सर आणि हत्यारं घेण्याआधी हे वाचा

नळाला पाणी येतं, मोटर चालू होते आणि थोड्या वेळानं गच्चीवरून पाणी धो धो पडायला लागतं. मग खालून कुणीतरी ओरडतं, "अहो, मोटर बंद करा!" हा सीन महाराष्ट्रात कुणालाही नव्यानं सांगायला नको. त्यामुळे घरच्या घरी ऑटोमेशन करून बघायचं ठरवलं की पहिला प्रोजेक्ट बऱ्याचदा हाच असतो. टाकी भरली की मोबाईलवर मेसेज यावा, एवढी साधी अपेक्षा.

व्हिडिओ बघून सामान मागवलं जातं. टेबलावर सगळं झकास चालतं. गच्चीवर लावलं की पहिल्याच पावसाळ्यात बंद पडतं. मग कोडमधली चूक शोधण्यात रात्री जातात, पण चूक बहुतेक वेळा खरेदीत झालेली असते. सेन्सर काय मोजतो हे सगळे बघतात. तो कुठे बसणार आहे, हे फार कमी जण बघतात.

आधी बोर्ड कोणता घ्यायचा?

शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टमुळे आर्डुइनो उनो सगळ्यांना माहीत असतो. 2005 मध्ये इटलीतल्या इव्रेया गावात आर्डुइनोची सुरुवात झाली आणि शिकायला तो आजही चांगला आहे. पण नेहमी मिळणाऱ्या उनो आर3 बोर्डावर वायफाय नाही. मोबाईलवर मेसेज हवा असेल तर इएसपी8266 किंवा इएसपी32 चिपचा बोर्ड घ्यावा. एक-दोन सेन्सरसाठी इएसपी8266 चा नोडएमसीयू पुरतो. मात्र त्यात अ‍ॅनालॉग इनपुट एकच असतो, म्हणून जास्त सेन्सर जोडायचे असतील तर इएसपी32.

नोडएमसीयूवर डी1, डी2, डी5, डी6 या पिना बिनधास्त वापराव्यात. डी3, डी4 आणि डी8 चा संबंध बोर्ड चालू होण्याशी असतो. तिथे सेन्सर जोडला की कधीकधी बोर्ड सुरूच होत नाही आणि नवखा माणूस बोर्ड खराब आला म्हणून परत पाठवतो. दुसरी गोष्ट राउटरची. हे दोन्ही बोर्ड फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात, 5 गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्यांना दिसत नाही.

टाकीत कोणता सेन्सर टिकतो?

सगळ्यात स्वस्त जुगाड म्हणजे दोन उघड्या तारा पाण्यात सोडायच्या आणि करंट वाहिला की बझर वाजवायचा. हे करू नये. सतत डीसी करंट वाहत राहिला की तारा गंजतात, त्यांच्यावर क्षार चढतात आणि तो गंज घरात वापरायच्या पाण्यात उतरतो.

दुसरा नंबर एचसी-एसआर04 चा. दोन डोळे असल्यासारखा दिसणारा हा अल्ट्रासॉनिक सेन्सर 40 किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं. तो 2 सेंटीमीटरपासून 4 मीटरपर्यंत मोजतो. कागदावर टाकीसाठी एकदम परफेक्ट. पण टाकीच्या झाकणाखाली दिवसरात्र वाफ असते. ती त्या जाळ्यांवर जमते आणि सेन्सर आधी चुकीचे आकडे देतो, मग गप्प बसतो. शिवाय तो 5 व्होल्टवर चालतो आणि त्याच्या इको पिनेतून 5 व्होल्ट बाहेर येतात. इएसपीच्या पिना 3.3 व्होल्टच्या आहेत. मध्ये 1 किलोओहम आणि 2 किलोओहम असे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवावं लागतं. बऱ्याच व्हिडिओंत ही पायरी गाळलेली असते.

जेएसएन-एसआर04टी हा त्याचाच वॉटरप्रूफ भाऊ. गाडीच्या रिव्हर्स पार्किंग सेन्सरसारखा गोल डोळा आणि त्याला लांब वायर, त्यामुळे सर्किट टाकीबाहेर कोरडं राहतं. याची गोम वेगळी आहे. साधारण 20 ते 25 सेंटीमीटरच्या आतलं अंतर तो नीट मोजत नाही. आणि टाकी भरते तेव्हा पाणी झाकणापासून जेमतेम वीतभर अंतरावर असतं. म्हणजे पाणी अर्ध्यावर असताना तो बरोबर आकडा देणार आणि आपल्याला ज्या क्षणाची गरज आहे, नेमका तेव्हाच गोंधळणार. तो वापरायचा असेल तर झाकणावर पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा बसवून सेन्सर उंच करावा लागतो. उन्हाचाही थोडा परिणाम होतो, कारण दर अंश सेल्सिअसला हवेतला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरनं वाढतो. 20 अंशांना जुळवलेला सेन्सर 40 अंशांना एक मीटरमागे तीन-साडेतीन सेंटीमीटर चुकतो. टाकीसाठी एवढी चूक चालते.

मग उरतो तो फ्लोट स्विच. तरंगणाऱ्या तुकड्यात चुंबक आणि दांड्यात बंदिस्त रीड स्विच. पाणी वर आलं की तरंगता भाग सरकतो आणि स्विच चालू किंवा बंद होतो, बस्स. यात ना अंतराचं गणित, ना वाफेचा त्रास. "टाकी भरली का?" या एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर याच्याइतका भरवशाचा पर्याय या यादीत नाही. किती टक्के पाणी आहे हे मात्र तो सांगणार नाही. ज्यांना टक्केवारीही बघायची आहे त्यांनी आकड्यासाठी अल्ट्रासॉनिक आणि "फुल"साठी फ्लोट असे दोन्ही लावावेत.

फ्लोट जोडताना एक साधी युक्ती आहे. टाकी भरल्यावर सर्किट तुटेल, अशा दिशेनं तो बसवायचा. उभ्या प्रकारच्या फ्लोटमध्ये तरंगणारा तुकडा काढून उलटा घातला की काम उलटं होतं. फायदा असा, की उद्या उंदरानं वायर कुरतडली तरी बोर्डाला "टाकी भरली" असंच दिसेल. खोटा अलर्ट परवडतो, वाहून गेलेलं पाणी परवडत नाही.

गच्चीवर वायफाय पोचत नसेल तर?

आरसीसीचा स्लॅब 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल बराच खातो. तळमजल्यावरचा राउटर आणि तिसऱ्या मजल्यावरची टाकी यांचं जमणं अवघडच. रेंज वाढवायचं महागडं यंत्र घेण्याआधी साधी दोन पदरी वायर खाली आणता येते का ते बघावं. फ्लोट स्विचला एवढंच लागतं. बोर्ड घरात, फक्त फ्लोट वर. लांब वायर आजूबाजूचा नॉइज पकडते, म्हणून पिनेवर बाहेरून 4.7 किंवा 10 किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर लावावा.

मोटर आपोआप बंद करायची? इथे थांबा

अलर्ट यायला लागला की पुढची इच्छा हमखास होते: मोटरही आपोआप बंद व्हावी. बाजारात निळ्या डबीचा रिले मॉड्यूल मिळतो, त्यावर 10 अँपिअर, 250 व्होल्ट असं लिहिलेलं असतं. घरची एक एचपीची मोटर म्हणजे 746 वॉट, चालताना साधारण पाच-सहा अँपिअर घेते. मग बसेल की, असं वाटतं.

पण मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. त्या झटक्यात रिलेचे आतले संपर्क एकमेकांना चिकटू शकतात. चिकटलेला रिले मोबाईलवरून कितीही वेळा "ऑफ" केला तरी मोटर चालूच राहते. हा छोटा रिले फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालू-बंद करण्यासाठी वापरायचा, मोटरचा करंट कॉन्टॅक्टरमधून जाऊ द्यायचा. आणि हे 230 व्होल्टचं काम वायरमनकडूनच करून घ्यायचं. त्या लाइनवर एमसीबी आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. ओली गच्ची, लोखंडी जिना आणि मेन लाइन हे एकत्र आले की चूक दुरुस्त करायची संधी मिळेलच असं नाही. ज्यांना यातलं काही नको त्यांनी अलर्टवर थांबावं, मोटरचं बटण हातानं दाबावं. त्यात कमीपणा काही नाही.

घरातले बाकीचे सेन्सर

तापमान आणि आर्द्रतेसाठी निळा डीएचटी11 सगळ्या किटमध्ये फुकट आल्यासारखा असतो. तापमानात त्याची चूक 2 अंशांपर्यंत जाते. पांढरा डीएचटी22 अर्ध्या अंशापर्यंत नेमका आहे. फक्त पाण्याचं किंवा फ्रीजचं तापमान हवं असेल तर स्टीलच्या नळीतला डीएस18बी20 घ्यावा, त्याला 4.7 किलोओहमचा रेझिस्टर लागतो.

माणसाची चाहूल घेणारा पीआयआर सेन्सर, म्हणजे पांढऱ्या घुमटाचा एचसी-एसआर501, शरीराच्या उष्णतेतली हालचाल ओळखतो. विदर्भाच्या मे महिन्यात खोलीच्या भिंतीच अंगाइतक्या तापतात, तेव्हा त्याला माणूस आणि भिंत यातला फरक कमी कळतो. बाथरूमच्या पॅसेजमध्ये तो छान चालतो. अभ्यासाच्या खोलीत नको, कारण स्थिर बसलेल्या माणसावर तो अंधार करतो. त्यावर उपाय म्हणून एलडी2410 सारखे रडार सेन्सर मिळतात, त्यांना बसलेला माणूसही दिसतो. फक्त सीलिंग फॅनही दिसतो!

गॅसच्या सेन्सरवर जीव टाकू नका

एमक्यू-2 आणि एमक्यू-6 हे सेन्सर एलपीजीसाठी विकले जातात. त्यांच्या आत हीटर असतो, तो 5 व्होल्टवर दीडशे मिलीअँपिअरच्या आसपास करंट घेतो. म्हणजे बॅटरीवर चालवायचा विचार सोडा. नवा सेन्सर किमान 24 तास तापवल्याशिवाय त्याच्या आकड्यांना अर्थ नसतो. फोडणीचा धूर, अल्कोहोलची वाफ यालाही तो दाद देतो, त्यामुळे मेसेज येत राहतात आणि शेवटी घरचेच त्याची पिन काढून ठेवतात. शिकायला बनवावा, जमिनीजवळ बसवावा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. पण सुरक्षेसाठी तयार प्रमाणित डिटेक्टरच घ्यावा. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण न दाबता रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि बाहेर येऊन 1906 या एलपीजी आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा.

हत्यारं किती लागतात?

कमी. पण पहिला खर्च मल्टीमीटरचा. साधा डिजिटलही चालतो, फक्त त्यात कंटिन्युइटीचा बीप हवा. वायर तुटली आहे का आणि बोर्डाला व्होल्टेज पोचतंय का, या दोन प्रश्नांतच बहुतेक बिघाड सापडतात. त्यानंतर 25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स असलेली सोल्डर वायर, वायर सोलायचं कटर आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर.

ब्रेडबोर्ड फक्त टेबलावरच्या प्रयोगासाठी. त्यातल्या वायरी हलक्या धक्क्यानं निसटतात. कायमचं बसवायचं सर्किट झिरो पीसीबीवर सोल्डर करावं आणि जंक्शन बॉक्समध्ये ठेवावं. वायर बॉक्सच्या खालच्या बाजूनं आत घ्यावी, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळून आत शिरत नाही.

बोर्ड मधूनच रीस्टार्ट होत असेल तर कोडआधी चार्जर तपासावा. वायफायवर डेटा पाठवताना इएसपी क्षणभर तीनशे मिलीअँपिअरच्या पुढे जातो. ड्रॉवरमधला जुना चार्जर आणि बारीक केबल तिथे मान टाकतात. 5 व्होल्ट, 1 अँपिअर किंवा जास्त क्षमतेचा चांगला चार्जर वापरावा. कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नसेल तर यूएसबी केबल बदलून बघावी. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या तारा नसतात.

सामान कुठून घ्यायचं?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाच्या आसपासचा भाग. दुकानात वस्तू हातात घेऊन बघता येते आणि एखादा सुटा रेझिस्टरही मिळतो. ऑनलाइन स्वस्त पडतं, पण तिथे बीएमई280 च्या नावाखाली बीएमपी280 येऊ शकतो. पहिल्यात आर्द्रता मोजता येते, दुसऱ्यात नाही. ओळखायला सोपं आहे: बीएमई280 ची चकचकीत चिप चौकोनी असते, बीएमपी280 ची थोडी लांबट.

स्वस्तातला सेन्सर घेताना दोन घ्यावेत. आकडे विचित्र यायला लागले की दुसरा लावून बघायचा. तोही तसंच दाखवत असेल तर घोळ वायरिंगमध्ये आहे.