जिवाणी कुठे सोडायची?



आज पाण्याबद्दल लिहायचं आहे. आमच्या खर्डीच्या घराबद्दल तुम्ही बऱ्याच जणी विचारता, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

खर्डीला माझा दिवस विहिरीवर सुरू होतो. कळशीच्या तोंडावर दुहेरी गाळणं ठेवायचं, सावकाश पाणी ओतायचं, पिळायचं नाही. गाळण्यावर जे उरतं ती जिवाणी. ती गाळलेल्याच पाण्याने भांड्यात उतरवून घ्यायची आणि परत त्याच विहिरीत सोडायची, तीही वरून फेकून नाही. त्यासाठी आमच्याकडे बुडाला कडी असलेली लहान बादली आहे. दोरीने ती पाण्यापर्यंत खाली न्यायची, मग कडीची दोरी ओढली की ती तिथे अलगद उपडी होते. माझ्या आईकडे सांगलीच्या बाजूला अशीच बादली होती. ३६ अंगुळं लांब, २४ अंगुळं रुंद गाळणं, आणि गाळलेलं पाणी एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं चालतं, हे तिनेच तोंडपाठ करून घेतलं होतं.

हे होईपर्यंत परसदार जागं झालेलं असतं. सातभाईंचा कलकलाट आधी सुरू होतो. मग भारद्वाज कुंपणावरून मालकासारखा फेरी मारतो. मुंगूस शेवग्याखालून जातं, आणि तिथे मातीच्या परळात पाणी भरायला मला उशीर झाला तर बुलबुल आठवण करून देतात. घरकामातही ही मंडळी मध्ये असतातच. चुलीचं लाकूड पेटवण्याआधी आपटून, झटकून बघायचं, कारण आत मुंग्यांची वसाहत निघते. न्हाणीघरात बेडूक असेल तर आधी त्याला वाट द्यायची. माळ्यावर रात्री धावपळ झाली तर ते उदमांजर असतं, चोर नाही, हे कळायला आम्हाला एक पावसाळा लागला. झाडू मऊ लागतो आणि जेवण दिवेलागणीच्या आत उरकावं लागतं. मुंबईत हे नियम आठवून पाळावे लागायचे, इथे ते आपोआप पाळले जातात.

पण एक नियम मुंबईत मला कधीच पाळता आला नाही. लग्न होऊन मी मुंबईला आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या नळाला सासूबाईंनी कापड बांधलेलं होतं. पाणी गाळलं जायचं, पण जिवाणीचं काय? सासूबाई म्हणायच्या, "ज्या पाण्यातली, त्या पाण्यात सोडायची. पण हे पाणी कुठलं, ते तरी कुणाला माहीत आहे?" मग हात जोडून त्या ती मोरीत सोडायच्या. तो प्रश्न माझ्या मनात चाळीस वर्षं राहिला. त्याचं उत्तर खर्डीला आल्यावर मिळालं. ते पाणी इथलंच होतं!

जरा मागे जाऊन सांगते. मुंबईत पूर्वी विहिरी आणि तलावच होते. आपली हिराबाग धर्मशाळा ज्या सी.पी. टँकला आहे, तो टँक म्हणजे कावसजी पटेल यांचा तलाव. धोबी तलाव, गोवालिया टँक ही पण खरीच तळी होती, आता नावं उरली. वस्ती वाढली, पाणी पुरेना आणि घाण होऊ लागलं. मग १८६० च्या सुमारास विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं आणि १८७९ मध्ये तुळशीचं. तेही पुरेना, म्हणून इंजिनिअरांनी सह्याद्रीच्या पायथ्याकडे पाहिलं. शहापूर तालुक्यात तानसा नदीवर दगडी धरण बांधलं आणि १८९२ मध्ये ते पाणी मुंबईला पोहोचलं. तलाव शहरापेक्षा उंचावर, म्हणून पाणी उतारानेच वाहत जातं. मुलुंड-भांडुपच्या बाजूला ज्या जाडजूड पाइपलाइन आपण पाहतो, त्यांची सुरुवात इथे आहे.

पुढे विहिरीही गेल्या. मलेरियाचे डास विहिरींत वाढतात असं दिसल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विहिरी बुजवायला किंवा झाकायला लावल्या. डॉ. बेंटली यांचा याबद्दलचा अहवाल १९११ सालचा आहे. धर्माच्या कारणाने अनेकांनी हरकत घेतली, तेव्हा काही विहिरींवर झाकण घालून पाणी काढण्यापुरतं छोटं दार ठेवायची सवलत मिळाली. मलेरियाने माणसं मरत होती, त्यामुळे पालिकेचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आपल्यासारख्या घरांत जिवाणी परत सोडायची जागा त्याच काळात गेली.

शहराची तहान मात्र वाढतच राहिली. तानसाचं धरण पुन्हा पुन्हा वाढवलं. १९५० च्या दशकात वैतरणेवर मोडकसागर झाला, ज्याला पालिकेचे अभियंता मोडक यांचं नाव आहे. मग वरच्या बाजूला अप्पर वैतरणा, इकडे भातसा, आणि अलीकडे, २०१४ मध्ये, मध्य वैतरणा. आज मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ अर्धं एकट्या भातसातून जातं. म्हणजे कसाऱ्याच्या गाडीने आपण जितक्या वेळात खर्डीला पोहोचतो, त्याच वाटेने उलट दिशेला आपलं पिण्याचं पाणी चाललेलं असतं.

या सगळ्याचा आमच्या परसदाराशी काय संबंध? तलाव भरायचा तर त्याच्या भोवतीचं रान टिकलं पाहिजे, नाहीतर माती वाहून येऊन तलाव गाळाने भरतो. तानसाभोवतीचं हे रान राखलं गेलं आणि १९७० मध्ये तानसा अभयारण्य झालं. तीनशे चौरस किलोमीटरहून मोठं आहे ते. खर्डीच्या बाजूचं जंगलही त्यात येतं. साग, ऐन, मोह, पळस यांचं हे रान जवळ आहे म्हणून आमच्याकडे धनेश येतो आणि पावसाच्या तोंडावर काजव्यांनी झाड भरतं. मुंबईला पाणी हवं होतं, त्यात पाखरांचंही भलं झालं.

एका पाखराची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. रान पिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे, दिवसा शिकार करणारं. १८७३ मध्ये ह्यूम साहेबांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. हे तेच ह्यूम, ज्यांचं नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेत शाळेत वाचलं. १८८४ नंतर तो पक्षी कुणालाच खात्रीने दिसला नाही. संपला असंच सगळे धरून चालले होते. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये तो आपल्याच शहाद्याजवळ सापडला. आणि २०१४ मध्ये तानसाच्या रानात दिसला! इतक्या खाली, कोकणच्या बाजूला तो असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. आमच्या आंब्यावर बसतो तो साधा पिंगळा, पण तेव्हापासून मी त्याच्याकडे दोनदा बघते.

मी बी.कॉम. आहे, त्यामुळे जमेची बाजू लिहिली की नावेची बाजूही लिहावी लागते. या तालुक्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी दर उन्हाळ्यात शहापूरच्या कितीतरी गावापाड्यांना टँकर लागतो. खाली काळा कातळ आहे, पाणी मुरत कमी आणि वाहून जास्त जातं. वाहतं ते धरणात, आणि धरणातलं मुंबईला. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढणाऱ्या बाया मी रोज बघते. ज्या पाण्याने मी मुंबईत चाळीस वर्षं भांडी घासली, ते यांच्या दारावरून गेलेलं होतं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमची विहीर खाली गेली. मुलगा म्हणाला, "आई, बोअर मारून टाकू, एका दिवसाचं काम आहे." गाडीवाला बघूनही गेला. मला पहिला विचार आला तो जिवाणीचा, कारण बोअरच्या पाण्याची जिवाणी परत सोडता येत नाही. मुलगा हसला, "मुंबईत तरी कुठे सोडत होतीस?" बरोबर होतं त्याचं, मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना मी पाड्यावरच्या ताईंना सहज विचारलं. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "काकू, मारा की. तुमचं घर आहे. पण वरच्या बंगल्याने मारली ना, तेव्हापासून आमची विहीर होळीलाच तळ दाखवते." कातळात पाणी भेगांमधून असतं. एकाने खोलवरून ओढलं की त्याच भेगेवरची दुसऱ्याची विहीर आटते. त्यांचा पाडा आमच्या खालच्या अंगाला आहे.

आम्ही बोअर मारली नाही. पावसाआधी विहिरीचा गाळ काढला आणि छपराचं पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून विहिरीकडे वळवलं. यंदा पाणी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरलं, पाड्यावरच्या बायाही भरून नेत होत्या. पुढचे वीस दिवस मात्र आम्ही विकतचं पाणी घेतलं, तेही कुणाच्या तरी विहिरीतलंच, हे लपवत नाही. मुलगा अजून म्हणतो की आई हट्टी आहे.

जिथून घेतलं तिथे परत द्यायचं, हे आईने शिकवलं तेव्हा मला ते फक्त गाळण्यावरच्या सूक्ष्म जीवांबद्दल वाटलं होतं. तुमच्यापैकी पुष्कळ जणींची आता शहापूर, मुरबाड, कर्जतकडे घरं आहेत. बोअरची गाडी बोलावण्याआधी खालच्या अंगाला कुणाची विहीर आहे, एवढं एकदा जाऊन बघा. आणि आजीची कडीची बादली घरात पडून असेल तर भंगारात देऊ नका. इथे तिचा उपयोग आहे.